सात वेळा नाही

आमच्या वीरेशचं लग्न झालं ते २००४ साल. वैशाखात अक्षता पडल्या, आठ दिवसांत नवराबायको बंगळुरूला गेली आणि त्याच्या खोलीत त्याचा जुना कॉम्प्युटर तेवढा मागे राहिला. त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता. पहिला अधिकाचा, मग निजाचा. आभाळ काही उघडायला तयार नव्हतं आणि कसबा बावड्यातल्या आमच्या घरात ओलं कापड वाळत घालायला जागा उरली नव्हती. ही गोष्ट त्या ओल्या कापडापासूनच सुरू होते.

घरात आम्ही तिघं. माझा धाकटा भाऊ प्रभुलिंग, त्याची मुलगी विद्याश्री, म्हणजे वीरेशची धाकटी बहीण, आणि मी. विद्याश्रीची आई ती लहान असतानाच गेली, आणि मीही तोवर एकटी पडले होते, म्हणून माहेरी आले ती राहिलेच. सगळे मला आक्का म्हणतात. विद्याश्री तेवढी आत्ती म्हणते.

एका सकाळी पाहिलं, तर मागच्या पत्र्याच्या शेडखालून एक नवी काळी वायर गेलेली. केबलवाल्याने न विचारता ओढलेली असणार. चांगली ताठ होती, पावसापासून आडोशालाही होती. मी तिच्यावर माझं हिरवं नऊवारी लुगडं पिळून टाकलं.

दुपारी फाटकाशी एक तरुण दिसला. डोक्यावर छत्री नाही. एका हाताने कपाळावरचं पाणी निपटत, मान वर करून, तो वायरीच्या मागे मागे चालत येत होता. वायर लुगड्याशी येऊन दिसेनाशी झाली. तोही तिथेच थांबला.

“काय पावणं, काय हरवलं काय?” मी विचारलं.

“इंटरनेट,” तो म्हणाला. मग लुगड्याकडे बोट करून अगदी आदबीने, “मावशी, तुमचं लुगडं माझ्या इंटरनेटवर वाळत घातलंय.”

आतून हसण्याचा आवाज आला. विद्याश्री दारात येऊन उभी होती. वेणीत पेन्सिल खोचलेली, एक हात तोंडावर... आणि डोळे मात्र सरळ त्याच्याकडे.

“हसताय काय? सकाळपास्नं वायर धरून गल्लीभर फिरतोय.”

“मग सापडली की.”

“सापडली. पण लुगडं काढायचं कुणी? माझं धाडस न्हाय.”

लुगड्याच्या ओझ्याने वायरीचा जोड निखळला होता. तो स्टुलावर चढला, दाताने वायर सोलली आणि जोड बसवू लागला. विद्याश्रीने जाऊन त्याच्या डोक्यावर छत्री धरली. शेड गळत नव्हती. मी ते पाहिलं.

त्याचं नाव कृष्णात. गाव मुरगूड. आमच्या मागच्या भिंतीला लागून बायडाबाईचं घर, तिथे त्याने खोली भाड्याने घेतली होती. साखर कारखान्याच्या बाजूला जी ऑफिसं होती त्यांचे कॉम्प्युटर तो दुरुस्त करायचा. जाता जाता त्याने विद्याश्रीला विचारलं की तुमच्याकडे इंटरनेट कसं चालतं. ती म्हणाली, चालत नाही, रांगतं.

ते खरंच होतं. विद्याश्रीने राजारामपुरीतल्या एका ऑफिसचं काम धरलं होतं. परदेशातले डॉक्टर आपल्या पेशंटबद्दल जे बोलतात ते कानाला लावून ऐकायचं, टाइप करायचं आणि चारच्या आत परत पाठवायचं. हे सगळं टेलिफोनच्या वायरीतून. फाईल जायला लागली की तास तास फोन अडकायचा. प्रभुलिंगचं हार्डवेअरचं दुकान. त्याची गिऱ्हाइकं फोन लावून लावून दमायची आणि तो घरी येऊन माझ्यावर चिडायचा. तिच्यावर चिडायला त्याला जमत नसे. पण एक गोष्ट त्याने तिला तोंडावर सांगितली होती. दिवाळीपर्यंत काम नीट चाललं तर करत राहा. नाही चाललं तर कुरुंदवाडचं स्थळ पक्कं करणार. कुरुंदवाडच्यांचं खताचं दुकान, माणसं चांगली, पण सुनेने काही काम केलेलं त्यांना नको होतं. हो की नाही, हे विद्याश्रीला कुणी विचारलं नव्हतं. तिने दिवाळीवर डोळा ठेवून टायपिंग चालवलं होतं.

म्हणून कृष्णात दोन दिवसांनी परत आला आणि म्हणाला की माझ्याच इंटरनेटवर तुमचाही कॉम्प्युटर जोडू, तुमचा फोन मोकळा होईल, तेव्हा विद्याश्रीचा चेहरा मी पाहिला. प्रभुलिंगनेही पाहिला. तो सरळ मुद्द्यावर आला.

“तुझ्या मशीनमधनं आमचं सगळं जाणार. म्हंजे तुला दिसणार की.”

“मनात आणलं तर दिसंल, काका. आणणार न्हाय.”

“बोलायला काय लागतंय,” प्रभुलिंग म्हणाला. पण फोनचा वैताग त्यालाच जास्त होता. त्याने होकार दिला आणि मला बजावलं की पोरगा घरात असेल तेव्हा तू तिथे बसायचं.

मला बसायला आवडलंच. मी लसूण सोलत बसायची आणि प्रश्न विचारायची. भिंतीवरून आलेल्या त्या वायरीत नक्की काय जातं, ते मला कळून घ्यायचं होतं. कृष्णात कधी कंटाळला नाही. तो म्हणाला, आक्का, साऱ्या जगातल्या वायरी एकमेकींना जोडल्या आहेत, त्यातून चांगली माणसं जातात तशी भामटीही जातात आणि किडेही. म्हणून माझ्या मशीनवर एक भिंत घातली आहे. तिला फायरवॉल म्हणतात, आगीची भिंत. मी विचारलं, मग मशीनला ऊब लागत नाही का? विद्याश्री टायपिंग सोडून हसायला लागली. तो मात्र हसला नाही. म्हणाला, गुऱ्हाळात रस उकळायचं चुलवण आणि उसाच्या चिपाडाची गंजी यांच्यामध्ये भिंत असते की नाही? तशी. एकीकडची आग दुसरीकडे जाऊ नये म्हणून. हे मला लगेच कळलं.

मशीनला फोनसारखा नंबर असतो, हेही त्याने सांगितलं. एकशे ब्याण्णवपासून सुरू होणारा लांबलचक आकडा. शेवटी एक असेल तर ते त्याचं मशीन, शेवटी दोन असेल तर आमचं. अक्षरं मी पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गात शिकले. इंग्रजी आकडे मात्र त्याआधीच टेलिफोनच्या चकतीवर शिकले होते. तो नंबर मी पाठ केला.

त्या दोन मशीनमध्ये आपापसात चिठ्ठी पाठवायची सोय होती. इकडे लिहिलं की तिकडे पडद्यावर उमटायचं. पहिली चिठ्ठी त्याची आली — वायर चालू आहे का? विद्याश्रीने लिहिलं — चालू आहे, आज लुगडं नाही. मग रोज काही ना काही यायचं. ती मला वाचून दाखवायची. सगळं नसेल दाखवत. एकदा दुपारी त्याने विचारलं, चहा झाला का. तिने लिहिलं, झाला, तुमचा? तो म्हणाला, एकट्याचा कसला चहा. विद्याश्री बराच वेळ पडद्याकडे बघत बसली... मग उठली, अर्धा कप चहा घेऊन मागे गेली आणि भिंतीवर ठेवून आली. संध्याकाळी कप परत भिंतीवर होता. विसळलेला, आत गुळाचा एक खडा.

गणपती झाले आणि मी घोटाळा केला.

फाईल जात असताना पडदा झोपू नये म्हणून विद्याश्री कधी कधी मला माऊस हलवत बसवून आत जायची. त्या दिवशी ती न्हायला गेली होती. पडद्यावर एक चौकोन आला. खाली दोन बटणं. डावं म्हणजे हो आणि उजवं म्हणजे नाही, एवढं मला तिने शिकवलं होतं. कुणीतरी आत येऊ का म्हणून विचारतंय, हेही मला समजलं. आता आमच्या घरात माझ्या आईपासूनची एक रीत आहे. सोमवारी भिक्षेला जंगम येवो नाहीतर वाट चुकलेला कुणी येवो, दारात उभ्या असलेल्याला नाही म्हणायचं नाही. घरात काही नसलं तर पाणी तरी द्यायचं. मी डावं बटण दाबलं.

ती न्हाऊन येईपर्यंत कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. परत लावला, मिनिटभर चालला, परत बंद. भिंतीपलीकडून कृष्णातने हाक मारली की तुमच्याकडेही तसंच होतंय का. त्याचंही मशीन पडलं होतं. त्याची आगीची भिंत होती ती बाहेरच्या जगाकडे. आम्हा दोघांच्या मध्ये काहीच नव्हतं. आमच्या घरात मी घेतलेला किडा वायरीतून सरळ त्याच्या घरी गेला होता.

विद्याश्रीचं दोन दिवसांचं टायपिंग गेलं. ऑफिसने सांगितलं, ही पहिली वेळ म्हणून सोडतो, दुसऱ्यांदा झालं तर काम बंद. त्या रात्री ती जेवलीही नाही. मी कृष्णातला म्हटलं, चूक माझी आहे, पण दारातल्याला नाही कसं म्हणायचं ते मला कुणी शिकवलंच नाही.

“आक्का, हितं उलटं हाय,” तो म्हणाला. “हितं आधी न्हाय म्हणायचं. वळख पटली तरच हो.”

दोन दिवस खपून त्याने दोन्ही मशीन धुऊनपुसून नीट केली. मग आमच्या मशीनवर त्याने आणखी एक भिंत घातली. विद्याश्री शेजारी खुर्चीवर, मी लसणाची परडी घेऊन मागे. तिने विचारलं की बाहेर तुमची भिंत असताना ही कशाला.

“ही माझ्यासाठी.”

“म्हणजे?”

“माझ्या मशीनला अडवायला. उद्या माझ्याकडं काय बिघडलं तर तुमच्यापतोर यायला नको. तुमचं काम दिवाळीपतोर चाललं पायजे.”

“आणि चिठ्ठी?”

“तीपण अडंल. भिंत तुम्हाला विचारंल, ह्या नंबरचा माणूस आलाय, आत घेऊ का? तुम्ही हो म्हटलं तर चिठ्ठी दिसंल. न्हाय म्हटलं तर गेली ती गेली.” मग तो जरा घुटमळला. “खाली हितं खूण करायची सोय हाय. खूण केली की तेच उत्तर कायमचं धरतंय, परत विचारत न्हाय. न्हायची खूण असली तर हितली चिठ्ठीपण तिकडं जात न्हाय. एकदाच हो म्हणून ठेवू... का दर वेळी विचारू दे?”

विद्याश्री आपल्या बोटांकडे बघत म्हणाली, “दर वेळी विचारू दे.”

“दर वेळी?”

“मला बरं वाटतं. कुणी विचारलेलं.”

माझ्या हातातली पाकळी तशीच राहिली. बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं. मग त्यानेच मस्करीत काढलं. म्हणाला, ठीक आहे, पण न्हाय आलं तर मी लगेच हटणार न्हाय, सात वेळा विचारीन. सातव्यांदा न्हाय आलं की समजीन. मग चिठ्ठी न्हाय, भिंतीवरनं हाकबी न्हाय.

“सातच का?”

“आठव्यांदा विचारणारा निर्लज्ज.”

शेवटी पासवर्ड घालायचा होता. तो तिचा एकटीचा, त्यालाही कळता कामा नये. कृष्णात उठून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिला.

“बघू नका.”

“न्हाय बघत.”

“कानपण झाका. बटणांचा आवाज येतो.”

त्याने दोन्ही कानांत बोटं घातली. एवढा मोठा गडी, शाळेत शिक्षा झाल्यासारखा उभा. विद्याश्रीने पासवर्ड घातला, झाला, तरी ती काही बोलेना. त्याच्या पाठीकडे बघत बसली. मीच शेवटी म्हटलं, अगं सोड की त्याला.

त्यानंतरचा महिना असा गेला की मला वाटलं, हे माझ्यासमोर होतंय आणि मला कळत नाही असं या दोघांना वाटतंय की काय. चौकोन यायचा, विद्याश्री दोन क्षण मुद्दाम थांबायची, मग हो दाबायची. मी विचारायची, ओळखीचाच आहे, मग थांबतेस कशाला? ती म्हणायची, आत्ती, बघू दे की वाट.

दसरा झाला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी विद्याश्रीला राजारामपुरीच्या ऑफिसात बोलावलं होतं. एक मोठी फाईल जायची बाकी होती. मला बसवून, नीट बजावून ती गेली. आत्ती, कुणी आलं तर नाही म्हणायचं. मी म्हटलं, आता मला कुणी फसवत नाही.

सव्वाअकराला चौकोन आला. मी नाही दाबलं. दोन मिनिटांनी परत आला. परत नाही. फाईल जात होती, आणि हा कोण पिच्छा सोडेना. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा... नंबर वाचायला हवा होता. नंबर तिथेच होता, बारीक अक्षरात, आणि माझा चष्मा ओट्यावर राहिला होता. उठले असते तर माऊस हलवायचा राहिला असता. सातव्यांदा आला तेव्हा मी वैतागले, त्या चौकोनातली खूण केली आणि उजवं बटण दाबलं. मग कुणी आलं नाही.

विद्याश्री परतली ती नाचत. ऑफिसने तिला कायम केलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की एक लुच्चा सात वेळा आला होता, सातही वेळा हाकलला. तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, आत्ती, तू तर पक्की झालीस.

मग तिने कायम झाल्याची बातमी भिंतीपलीकडे लिहून पाठवली. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी परत लिहिलं. उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी प्रभुलिंगने जेवताना सांगितलं की तो मुरगूडचा पोरगा दुकानात येऊन गेला, पुण्यात नोकरी लागली म्हणे, आजच निघाला. विद्याश्रीने घास खाली ठेवला आणि परत उचलला. दुपारी तिने भिंतीवर चहाचा कप ठेवला होता. संध्याकाळी मी पाहिला तेव्हा चहा तसाच होता आणि कपाच्या कडेला मुंग्या लागल्या होत्या.

“सांगून तरी जायचं होतं,” ती एवढंच म्हणाली.

आठ दिवसांनी तिने प्रभुलिंगला स्वतःहून सांगितलं की कुरुंदवाडच्यांना कळवा, माझी हरकत नाही. काम कायम झालेलं, दिवाळी आठवड्यावर आलेली, आणि ही जिंकलेली पोरगी हरल्यासारखी बोलत होती. तुळशीच्या लग्नानंतर सुपारी फोडायचं ठरलं. प्रभुलिंग खूश झाला. मला मात्र एक गोष्ट कळेना. ती डोक्यातून जाईना.

कृष्णातच्या खोलीला कुलूप होतं. मग आमचं इंटरनेट कसं चालतंय? ते तर त्याच्या मशीनमधून यायचं. त्याचं मशीन बंद, तर आमचं बंद. असं त्यानेच सांगितलं होतं.

मी भिंतीला वळसा घालून बायडाबाईकडे गेले. ती म्हैस धूत होती. मी विचारताच तिने कंबरेची किल्ली काढून दाखवली.

“रोज नऊला कुलूप काढायचं, बटण दाबायचं. सा वाजता बंद. लाईट गेली तर परत जाऊन दाबायचं. हेच लावून दिलंय बघा माज्या मागं. आणि रोज सकाळी नऊला पुण्यास्नं फोन. मावशी, चालू हाय न्हवं? दिवाळीपतोर चालू ऱ्हायला पायजे.”

मी तशीच परतले. ज्याला पोरीशी काही घेणंदेणं नाही तो रोज पुण्याहून फोन करून बटण कशाला दाबायला लावेल? विद्याश्री दळण आणायला गेली होती. मी चष्मा लावून कॉम्प्युटरपुढे बसले. त्या भिंतीला एक वही असते. कोण आलं, कधी आलं, कुणाला परत पाठवलं, ते सगळं ती लिहून ठेवते. कृष्णातनेच मला ती कुठे बघायची ते दाखवलं होतं. अक्षरं इंग्रजी होती, ती मला येत नव्हती. आकडे येत होते. मी बोट लावून खाली खाली गेले. दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस. सव्वाअकरा. तांबड्या ओळी. एकशे ब्याण्णवपासूनचा आकडा... आणि शेवटी एक.

मोजल्या. सात.

विद्याश्री दारातून आत आली तशी मी म्हटलं, “पोरी, तो गेला न्हाय. मी त्याला घालवला. सात वेळा न्हाय म्हटलं.”

तिने पिशवी तिथेच टेकवली. वाकून तांबड्या ओळी पाहिल्या, एकेक करून. मला वाटलं रागावेल. तिने फक्त विचारलं, “काय लिहिलं होतं?”

ते कुठेच नव्हतं. नाही म्हटलेली चिठ्ठी भिंत ठेवत नाही. कोण आलं आणि किती वाजता, एवढंच उरतं. विद्याश्री त्या वेळा वाचत बसली. सव्वाअकरा, अकरा सतरा, अकरा वीस... शेवटची अकरा चाळीस. सहावी आणि सातवी यांच्यामध्ये बारा मिनिटं होती. बारा मिनिटं तो काय करत असेल, असं ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने पासवर्ड घातला आणि मी केलेली खूण काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दहा मिनिटं कमी असताना ती बायडाबाईच्या ओसरीवर जाऊन बसली. मी बरोबर होते. मला प्रभुलिंगने सांगितलंच होतं, तिथे बसायचं. नऊला फोन वाजला. बायडाबाईने हात पुढे केला, तोवर विद्याश्रीने उचलला. पलीकडचा आवाज ओसरीभर ऐकू आला. मावशी, चालू हाय न्हवं?

“चालू आहे,” विद्याश्री म्हणाली. “सात वेळा नाही आत्तीनं दाबलं. मी राजारामपुरीत होते.”

बायडाबाईने म्हशीच्या दोराला हात घातला आणि तशीच उभी राहिली.

“ऐकताय ना? मग आठव्यांदा विचार.”

तो काहीतरी पुटपुटला.

“हो, निर्लज्ज. हो एकदा,” ती म्हणाली. तिच्या तोंडून तू निघालं होतं आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग तो बोलला. काय बोलला ते हळू होतं. मी पुढे झुकले, बायडाबाईही झुकली, पण एक अक्षर कळलं नाही. विद्याश्रीने डोळे मिटून ऐकलं. या वेळी ती मुद्दाम थांबली नाही.

“होय,” म्हणाली. “आणि परत विचारायचं नाही. खूण केली.”

त्याने काय विचारलं होतं ते मी तिला पुढे किती वेळा विचारलं. ती सांगत नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुण्याच्या एस.टी.तून उतरला आणि बॅग हातात घेऊनच आमच्या पुढच्या सोप्यावर येऊन प्रभुलिंगपुढे उभा राहिला, तेव्हा थोडंफार मला कळलं.

प्रभुलिंगने सगळं ऐकून घेतलं. कृष्णात आमच्यातला नव्हता. त्याच्या घरी ऊस, म्हशी आणि मोठी भावकी. आमच्या गळ्यात लिंग, त्यांच्या नाही. पण माझ्या भावाने ते आधी काढलं नाही. त्याला जे खुपत होतं तेच त्याने विचारलं.

“तीन महिनं माझ्या पोरीचं सगळं तुझ्या मशीनमधनं गेलं. काय काय बघितलंस?”

“काय न्हाय.”

“कशावरनं?”

न बघितल्याचा पुरावा कुठून आणायचा? विद्याश्री पुढे आली.

“आप्पा, दसऱ्याच्या आधी मी वीरेशअण्णाला पत्रं लिहिली. चार-पाच. सगळी ह्याच्याच मशीनमधनं गेली. त्यातलं एक जरी ह्यानं बघितलं असतं ना, तर सात वेळा नाही आल्यावर हा पुण्याला गेलाच नसता.”

कृष्णात तिच्याकडे बघत राहिला. त्यालाही हे आत्ताच कळत होतं.

प्रभुलिंगने तिथूनच बंगळुरूला फोन लावला. बराच वेळ नुसता ऐकत होता. मध्ये एकदा त्याने विद्याश्रीकडे पाहिलं, तिने पदर नसताना पदर सारखा केल्यासारखं केलं. फोन ठेवून तो खुर्चीत बसला.

“पावणंरावळं बोलतील,” तो म्हणाला.

“प्रभू,” मी म्हटलं, “सात वेळा न्हाय मी म्हटलंय. आठव्यांदा तू म्हणू नगंस.”

त्याने कपाळाला हात लावला. मग म्हणाला की कुरुंदवाडला मीच जातो, त्यांना तोंडावर सांगायला पाहिजे, ती माणसं चांगली आहेत. आणि कृष्णातला म्हणाला, बॅग खाली ठेव, चहा घे.

पुढच्या वैशाखात लग्न झालं. विद्याश्रीने काम सोडलं नाही. कृष्णातने पुण्याची नोकरी सोडून बावड्यातच दुकान टाकलं. दोघं बायडाबाईच्या वरच्या मजल्यावर राहिली, आणि मधली वायर तशीच ठेवली. प्रभुलिंग स्वतः कॉम्प्युटर शिकला. चौकोन आला की चष्मा लावून नंबर वाचायचा, शेवटी एक दिसला की मला हाक मारायचा — आक्का, जावई आलाय, घेऊ का आत? आणि मी काय म्हणते याची वाट न बघता हो दाबायचा.

प्रभुलिंग २००९ च्या श्रावणात, पहिल्या सोमवारी सकाळी वारला. खांदा देणाऱ्यांत कृष्णात पुढे होता.